दहापैकी तीन

संकटात श्रद्धा पक्की होते म्हणतात. माझी तर संकटात सगळ्यात आधी पळून जाते. गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याच्या स्वादुपिंडावर मोठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनच्या घरात मी रोज दत्ताच्या तसबिरीसमोर बसायचे खरी, पण डोक्यात सर्जनबाईंचं बोलणं फिरत असायचं. ग्रंथी मऊ आहे, त्यामुळे आतड्याशी घातलेला जोड गळण्याची भीती जास्त, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. गळती वेळेत कळली नाही तर जिवावर बेतू शकतं. म्हणून रोज रक्त, ताप, नाडी आणि दुखणं यांची नोंद व्हायची, त्यावरून कॉम्प्युटर धोक्याचा अंदाज सांगायचा आणि तो वाढला की लगेच स्कॅन. मी स्वतः आयटीतली. मला देवापेक्षा त्या अंदाजाचाच आधार वाटत होता. लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात गेले तर नवरा डोळे मिटून पुटपुटत होता, "गुरुदेव दत्त, गुरुदेव दत्त." एरवी आरतीलाही मोबाइल घेऊन उभा राहणारा हा माणूस! नाम घे म्हणून ऑपरेशनआधी मीच त्याच्या मागे लागले होते. मला भरून आलं. तेवढ्यात नर्सने येऊन विचारलं, दहापैकी किती दुखतंय? तो म्हणाला, "तीन." तिने तीन लिहिलं आणि गेली. आपल्या लोकांत नर्सला उगाच त्रास द्यायचा नसतो. मुकाट सोसतो तो चांगला पेशंट. त्याचा हा स्वभाव मला ठाऊक होता. तरी मी गप्प बसले, कारण मला तो तीनच हवा होता.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना भेटायला त्यांची बायको यायची, मूळची सुरिनामची, पूर्वी तिकडे मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या वंशातली हिंदुस्तानी आजी. आमची ओळख नमस्कारापुरती. ती उठून माझ्या नवऱ्याच्या उशाशी आली, जरा वेळ ऐकत उभी राहिली आणि तिच्या वेगळ्या वळणाच्या हिंदीत मला म्हणाली, "बेटी, ये जाप नहीं है. इसको बहुत दरद है."

प्रत्येक नाम तो दात आवळून घेत होता, आणि मी कौतुकाने ऐकत बसले होते. खरं सांग म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नऊ," तो म्हणाला. "पण तू घाबरशील ना."

तोवर आजी डचमध्ये बोलत नर्सला घेऊनही आली होती. नवा आकडा लिहिला गेला, अंदाज बदलला आणि संध्याकाळच्या आत स्कॅन झाला. जोड गळू लागला होता. पोटात नळी घालून साचलेलं पाणी काढलं. पुढचे कितीतरी दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपायचे, पण नवरा घरी आला.

आजोबांना दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं, आजीचं नाव विचारायचं राहून गेलं. दिवा लावताना रोज तिला नमस्कार करते. तिच्या रूपाने कोण आलं होतं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. देवाच्या स्वाधीन होणं म्हणजे तोंड मिटून सोसणं, असं मीही इतकी वर्षं समजत होते. गुरुवारी नवऱ्याची पुढची तपासणी आहे. आज सकाळी तसबिरीसमोर बसले आणि सगळं तुझ्यावर सोडलंय वगैरे काही बोलले नाही.

"दत्ता, मला फार भीती वाटते," म्हटलं. इतकं खरं मी त्याच्याशी आजवर कधीच बोलले नव्हते.