हरळीवरची पिवळी पावलं

चौक गावाजवळच्या एका कारखान्याच्या विश्रामगृहापुढं मोठी हिरवळ होती आणि तिचा माळी होता लोधिवलीचा चांगो. या गड्यानं अर्धं आयुष्य भाताच्या बांधावरची हरळी उपटण्यात घालवलं, आणि आता तीच हरळी लाडानं वाढवायचा पगार घेत होता. नशिबाच्या या थट्टेवर तो स्वतःच रोज हसायचा.

त्याच्या जिवाला घोर दोनच. एक, हरळीत घुसणारं रानगवत. दुसरी, स्वयंपाकघरातली अंबूबाई. अंबू विधवा, चांगो विधुर. पाट लावायला गावाची काही हरकत नव्हती, हरकत होती ती चांगोच्या जिभेची. गवताशी तासन् तास बोलणारा हा बहाद्दर अंबूसमोर आला की "पाऊस हाय" एवढंच म्हणायचा. उन्हातसुद्धा!

त्या श्रावणात रानगवतानं कहर केला. कारखान्याच्या गुप्तेसाहेबांनी मुंबईहून तणनाशक औषध आणलं आणि बजावलं, "चांगो, या औषधाला आपलं-परकं कळत नाही. हरळीला लागलं तर हरळीही मरेल. नुसत्या रानगवताच्या पुंजक्यांवर मार, आणि फवारलेल्यावरून चालू नकोस."

भाताच्या लावणीत माणसं मागं मागं सरकतात, तसा चांगो मागं सरकत फवारू लागला. काम कसं फक्कड चाललं होतं! तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली, "चांगो, चा घे रं!"

झालं! पाठीवरचा पंप उतरला आणि त्याच्याबरोबर अक्कलही उतरली. गडी ओल्या पुंजक्यांतून गमबूट भिजवत, हिरवळ तुडवत थेट दाराशी. चहा प्याला, "पाऊस हाय" म्हणाला, तिथल्याच नळावर बूट धुतले आणि फरशीच्या वाटेनं परत आला.

रानगवत छान करपलं. चांगो नाचायच्याच बेतात होता. पण गौरी यायच्या दिवशी सकाळी बघतो तर काय, हिरव्यागार हरळीवर पिवळीधमक पावलं! लांब लांब ढांगांची, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. चांगोच्या उजव्या बुटाच्या टाचेचं ठिगळसुद्धा उमटलेलं. परतीचं मात्र एकही नाही.

"कुणाची रे ही?" साहेबांनी विचारलं.

"भुताची असतील, सायेब."

"भुताची पावलं उलटी असतात. ही सुलटी आहेत, आणि गमबुटाची आहेत!"

गौर आणायला निघालेल्या बाया कुंपणाशी थबकल्या. एकीनं खट्याळपणे सूर लावला, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" बाकीच्या ओरडल्या, "सोन्याच्या पावलानं!" साहेबही हसू दाबू लागले.

दाराशी गौरीची पावलं काढायला अंबू पिठाची वाटी घेऊन बाहेर आली. तिनं हिरवळ पाहिली, मग चांगोकडं पाहिलं. चांगोला वाटलं, आता ही चारचौघांत नाही म्हणाली तर सगळंच संपलं.

"पाऊस..." तो म्हणाला. लख्ख ऊन पडलं होतं.

"पाऊस नाय रं. काय ते बोल."

चांगोनं डोक्यावरची टोपी काढून मुठीत चुरगळली. "पाट लावशील का गं माझ्यासंगं?"

"एवढं इचारायला सायबाची हरळी जाळलीस व्हय?"

ती खाली वाकली. शेवटच्या पिवळ्या पावलापुढं, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, तिनं तांदळाच्या पिठानं पुढचं पाऊल काढलं. मोठं, गमबुटाएवढं.