सुटी नाणी

छंदानं माणूस ताजातवाना राहतो असं म्हणणाऱ्यांनी चेन्नईच्या खाऱ्या हवेत जुनी चांदी सांभाळून दाखवावी. दोन हजारच्या दशकात कंपनीनं मला दोनदा बल्गेरियाला पाठवलं आणि तिथल्या जुन्या बाजारात मला हे खूळ लागलं. खेड्यातल्या नवऱ्या मुली घालायच्या त्या नाण्यांच्या माळा, लोलक, कमरपट्ट्याचे जाडजूड आकडे, जे जमेल ते मी आणत गेलो. अण्णा नगरच्या दोन खोल्यांत दागिने कपाटात आणि आमचे कपडे खुर्चीवर, अशी व्यवस्था झाली. दर रविवारी डबे उघडायचे, फडक्यानं ओल टिपायची, परत झाकायचे. आठवडाभर ऑफिसात मान मोडून आल्यावर हे दुसरं ऑफिस. जीव विटून जायचा, पण सुटत नव्हतं.

त्यातली एक माळ बायकोच्या मनात भरली. काळपटलेल्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली वीसेक पातळ नाणी. "ही तर आपली पुतळ्यांची माळच की रे," ती म्हणाली. तिच्या आईची पुतळ्यांची माळ वहिनीकडे गेली होती, हे मला ठाऊक होतं. तरी पुतळी वेगळी आणि हे नाणं वेगळं, यावर मी अर्धा तास बोललो. ती भाजी निवडत ऐकत राहिली.

पुढे नवरात्रात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. काकू तंजावरच्या मराठी, घरात बाहुल्यांचा कोलू मांडायच्या. मी ऑफिसातून आलो तर बायको आरशासमोर उभी, गळ्यात ती माळ. लाल रेशमात गाठवलेली, मागे गोंडा. आईनं शिकवलं होतं तशी प्रत्येक नाण्यानंतर गाठ. चार दुपारी ती त्यावर बसली होती.

"कशी दिसते?"

"जुना दोरा कुठाय?" मी विचारलं.

"परक्या बाईच्या गळ्यातला दोरा कोण घालतं? तुळशीच्या कुंडीत पुरला."

मी बाल्कनीत जाऊन कुंडी उकरली. दोरा चिखलात भिजून गेला होता, हातात घेताच तुटला. "सगळं मातेरं केलंस," मी ओरडलो. "दोऱ्यासकट जुनी होती ती!" तिनं माळ काढून टेबलावर ठेवली आणि नुसत्या मंगळसूत्रावर खाली गेली. ती परत यायच्या आत मी कात्रीनं तिचं रेशीम कापून टाकलं. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही. लाज आता वाटते, तेव्हा वाटली नाही.

नाणी डब्यात सुटीच पडून राहिली. हळूहळू माझाही दम संपला. रविवार चुकू लागले, चांदी काळी पडली, मी बघितलं नाही. तीनेक वर्षांनी एका दसऱ्याला मी तो डबा आणि लाल रेशमाची लड तिच्यापुढे ठेवली.

"पुन्हा गाठव ना. तुलाच घालायला."

तिनं एक नाणं उचललं, उलटंसुलटं केलं, परत डब्यात ठेवलं.

"गाठ कशी मारायची, ते विसरले रे मी."

त्याच सकाळी तिनं काकूंची पोवळ्यांची माळ गाठवून दिली होती.