कॅप्टनांचा शेरा

जळकोटात दिग्विजयरावांना नुसतं 'कॅप्टन' म्हटलं की पुरे. हायवेलगतच्या शेतकरी घरातला हा माणूस एअरलाइनची विमानं उडवून आता वैमानिकांच्या लायसनच्या परीक्षा घेत होता. गावाला केवढा अभिमान! आणि त्या रविवारी हेच कॅप्टन स्वतःच्या ओसरीवर मान खाली घालून बसले होते.

समोर शिवरंजनी होती, तुळजापूरच्या पुजाऱ्याची पोर. शेजारी तिचे वडील अंबादास. चारच दिवसांपूर्वी कॅप्टनांनी तिला नापास केलं होतं.

घडलं ते असं. परीक्षेत इंजिन बंद पडल्याचं सोंग करतात. परीक्षक इंजिनाचा जोर काढून घेतो, उमेदवारानं मोकळं शेत हेरून विमान तिकडं खाली न्यायचं. जमीन जवळ आली की परीक्षक 'वर घ्या' म्हणतो. शिवरंजनीनं झकास शेत हेरलं. पण खाली जळकोटचं शिवार दिसलं आणि कॅप्टन महाशय आपली विहीर शोधत बसले! "सर, लई खाली आलोय!" ती ओरडली, तरी भान नाही. शेवटी तिनंच जोर वाढवून विमान वर काढलं. बाभळीचे शेंडे चाकांखालून गेले. कॅप्टनांना लाज वाटली, नाही असं नाही. पण ती गिळून ते तिच्यावरच खेकसले आणि शेरा मारला: 'सूचनेशिवाय जोर वाढवला.'

"साहेब, भांडायला आलो न्हाय," अंबादास हात जोडून म्हणाले. "पोरीचं काय चुकलं, तेवढं सांगा."

पोरीनं वही उघडली. कॅप्टन चाचरले. "परीक्षकानं सांगितल्याशिवाय... हात लावायचा नाही."

"जमीन कितीबी जवळ आली तरी?"

"हो."

तिनं ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली. "आता न्हाय लावणार, सर."

कॅप्टन त्या रेघेकडं बघत राहिले. ही खरंच न्हाय लावणार! उद्या मागं दीडशे माणसं बसलेली असतील, शेजारचा कुणी शहाणा भलतीकडंच बघत असेल, आणि ही हात आवरून बसेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"खोड ते," ते म्हणाले. "चूक माझी होती, पोरी. म्या आपली विहीर बघत होतो."

आणि दोघांच्या देखत त्यांनी वरिष्ठांना फोन लावून सगळं सांगितलं. परीक्षा घ्यायचा अधिकार आता जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"त्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला?" शिवरंजनीनं विचारलं.

"व्हय."

वडील अजून हात जोडूनच बसले होते. तिनं त्यांचे हात धरले आणि खाली घेतले.