उघडं कपाळ

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनात चुका होतील, माफ करा. गोंदियाकडच्या गावी चौथीपर्यंत शिकले, लग्न होऊन इकडे भिलाईला आले, मग लिहिणं राहिलं ते हजेरीच्या सहीपुरतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंसुद्धा तोंड उघडून नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी चर्चच्या सिस्टर लोकांच्या शाळेत झाडूपोछा करते. तिथं केरळकडच्या एक सिस्टर मुलींना चित्रकला शिकवायच्या. नाव लिहीत नाही — तेवढा हक्क मला राहिला आहे का? त्यांच्या पांढऱ्या बाहीवर कायम रंगाचे डाग. वर्ग सुटला की त्या स्वतःची चित्रं काढायच्या, मी ब्रश धुवायचे. तेलाचा रंग राकेलच्या चिंधीनं कसा निघतो, हे त्यांनीच दाखवलं. मला त्या 'आप' म्हणायच्या. मला आप म्हणणारं दुसरं होतं कोण?

प्रार्थनेच्या हॉलसाठी त्यांना मरियमचं, येशूच्या आईचं, चित्र काढायचं होतं. म्हणाल्या, इथल्या बाईसारखी काढायची, तुमच्यासारखी. गुंडाळलेला टॉवेल बाळासारखा मांडीवर घेऊन मी बसायचे. घरी सांगितलं नव्हतं. बरं वाटायचं — कोणीतरी आपल्याकडे इतका वेळ बघतं, आणि काम सांगत नाही.

एक दिवस त्या पाणी आणायला गेल्या आणि मी कुंकू पुसलं. मीच. पदरानं. शाळेच्या फाटकाजवळ मरियमची मूर्ती आहे, तिचं कपाळ मोकळं आहे — मला तसं दिसायचं होतं. त्या परत आल्या आणि जरा रागावल्याच. का पुसलं म्हणाल्या, होतं तेच छान होतं. मी नुसती हसले. मग घंटा झाली, पळत जाऊन घराकडची कुम्हारीची बस धरली, आणि तशीच घरी पोचले.

सासू दारातच उभी होती.

"कपाळ कावून उघडं व? नवरा मेला का तुहा?"

नवरा तेव्हा स्टील प्लांटमध्ये ड्युटीवर, भट्टीजवळ. अशा वेळी आमच्याकडे बाई कुंकू उतरवत नाही. मी पदर कपाळावर ओढला. आणि मग मी बोलले —

"सिस्टरनं पुसलं."

दुसऱ्या दिवशी सासू गल्लीतली माणसं घेऊन शाळेत आली. बायकांना बाटवतात, असं ती माणसं म्हणत होती. मोठ्या सिस्टरनी सगळ्यांसमोर मला विचारलं, खरं आहे का? मी फरशीकडं बघत मान हलवली. माझ्या सिस्टर समोरच होत्या. त्यांना नाही म्हणता आलं नसतं का? त्या मोठ्या सिस्टरना एवढंच म्हणाल्या, "इनको काम से मत निकालिए."

मला नाही काढलं. त्यांची महिन्याभरात बदली झाली. कुठं — मी विचारलं नाही. चित्रकलेचा वर्ग बंद पडला. मुली मला विचारायच्या, सिस्टर कब आएँगी? मी पोछा पिळत राहायचे.

चित्र स्टोअरमध्ये ठेवलं होतं, वर चादर. एकदा उचलून बघितली. चेहरा माझाच. आणि कपाळावर कुंकू होतं, लाल, गोल. त्या दिवशी मी पुसलेलं कुंकू त्यांनी चित्रात ठेवलं होतं. कोणी बघितलं तर माझं खोटं उघडं पडणार नाही का? मी राकेलची चिंधी आणली आणि ते पुसलं. त्यांनी दाखवलं होतं तसं, हलक्या हातानं, बाहेरून आत. पूर्ण निघालं नाही. डाग पसरून भुवईपर्यंत आला.

ते स्टोअर अजून मीच झाडते. कधी चादर सरकलेली असते. उंदीर असतील — मी पाठ करून झाडते.

सासू ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक नव्या सुनेला सांगते. ती सांगत असताना मी चहा ठेवते. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीनं ती पहिल्यांदा ऐकली. नंतर माझ्याजवळ येऊन बसली, हळूच म्हणाली, "आई, सच्ची में सिस्टरनं पुसलं होतं का?"

मी म्हणाले, "हो."