छातीवर भोवरा असलेला घोडा

वडिलांच्या दहाव्याला थोरल्या चुलत्यांनी माइक हातात घेतला, तेव्हा मला वाटलं, भावाबद्दल दोन बरे शब्द बोलतील. आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि माइक मिळाला की कुणालाच आवरत नाही. चुलते म्हणाले, "त्या घोड्याच्या छातीवर केसांचा भोवरा हाय. धन्याला खातो असला घोडा. मी सांगत व्हतो, त्यानं ऐकलं न्हाई."

वडील हार्ट अटॅकने गेले, तेही दवाखान्यात. घोडा तेव्हा कुरुळीत आमच्या गोठ्यात कडबा खात उभा होता. पण सगळ्या पंचक्रोशीपुढे माइकवरून बोललेलं कोण खोडून काढणार? मी भिजल्या साडीत बायकांच्या घोळक्यात बसले होते. उठले नाही. त्याचा राग अजून येतो.

घोडा अस्सल भीमथडी. बुटका, रुंद छातीचा, कितीही चालवा न दमणारा. आमच्या बाजूला बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात, त्यामुळे घोड्यांचं वेड घरोघरी. पण आता सगळ्यांना वरातीत शोभेल असा उंच मारवाडी हवा, म्हणून लोकांनी मिळेल त्याच्याशी संकर केला. वडिलांनी मात्र हट्टाने वाण शुद्ध ठेवलं. लांबलांबून लोक घोड्या लावायला आणायचे. दहाव्यानंतर एकही आली नाही.

चाकणच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट सांभाळून मी त्याला पोसलं. खरारा करताना रोज त्या भोवऱ्यावरून हात फिरवायचे आणि मनातल्या मनात चुलत्यांना शिव्या द्यायचे. देवापुढे बसावं तशी नेमाने. राजगुरुनगरहून नाल ठोकायला येणारे चाचा हसायचे. म्हणायचे, "बेटी, मी इतकी वर्षं घोडे बघतोय. खातो तो चारा."

मग काही वर्षांनी भीमथडीची वेगळी जात म्हणून नोंद झाली आणि शुद्ध शिंगराला एकदम भाव आला. जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या, मापं घेतली, रक्त घेतलं. आमचा घोडा शुद्ध निघाला. चुलत्यांनी बारामतीकडून आणलेली घोडीही शुद्ध निघाली. बाई मला म्हणाल्या, "या पट्ट्यात ही एकच जोडी आहे. घोडी म्हातारी होत चाललीय. ह्या हंगामात गाभण राहिली तर राहिली."

आठ दिवसांत चुलते घोडी घेऊन दारात. माजावर आली होती. मी फाटक उघडलं नाही.

"काका, भोवऱ्याचा घोडा चालेल तुम्हाला?"

"झालं गेलं सोड पोरी. लई दिस माजावर ऱ्हात न्हाई ती."

"घाटावर बोललात ते घाटावरच परत घ्या. माइकवरून."

ते तणतणत गेले. तीन आठवड्यांनी घोडी पुन्हा माजावर आली, त्याच आठवड्यात गावात एक दहावा होता. चुलते उठले, माइक घेतला आणि पागोटं काढून म्हणाले, "माज्या भावाच्या घोड्याला मी नावं ठेवली. ती माजी चूक हाय." लोक माझ्याकडे बघत होते. मला गार वाटायला हवं होतं. वाटलं इतकंच की, एवढ्यावर सुटका? माझा घोडा इतकी वर्षं एकटा उभा राहिला, आणि हे एका वाक्यात मोकळे?

"उद्या सकाळी आणा," मी म्हणाले. सकाळी फाटकाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि कंपनीच्या बसमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सुपरवायझर म्हणाला, मॅडम आज खुशीत दिसताय. खुशीतच होते.

चौथ्या दिवशी घोडीचा माज गेला. पुढे थंडी पडली आणि थंडीत घोडी माजावर येत नाही. उन्हाळ्यात मी स्वतःच फाटक सताड उघडं ठेवलं, डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी घोडी नीट तपासली आणि मान हलवली. आता ती गाभण राहणार नाही, म्हणाल्या.

चुलते खाली दगडावर बसले. तिथूनच त्यांनी विचारलं, "झालं का तुजं समाधान?"

"हो," मी म्हणाले. वाईट याचंच वाटतं की त्या क्षणी ते खरं होतं.