बंगल्यातून बाहेर जाताना कोणी दिसलं का?

या बघू सगळे इकडे, जरा जवळ सरकून बसा. आणि ते हातातलं खाली ठेवा... बरं, माझंच वाचताय म्हणून सोडते, नाहीतर चांगली ओरडले असते. काय मेलं तुमचं ते थिअरी थिअरी! परवा याच पानावर कोणीतरी लिहिलं की अमक्या सिरियलचं रहस्य मी सोडवलं, आणि खाली तुम्ही सगळे कोंबड्यांसारखे भांडताय. भांडा की. पण थिअरी हा तुमचाच शोध आहे असं समजू नका. आमच्या मजल्यावर ऐंशी-पंच्याऐंशीनंतरच्या काळात एका बाईने अशीच एक थिअरी काढली होती. तीच सांगायला बसलेय.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुडीच्या कागदांवर वाचून शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आणि हे आधीच सांगते – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. सासू मालवणची. तिच्या तोंडी सारखा देवचार नाहीतर मुंजा. मी पदरात तोंड घालून हसायचे. ती म्हणायची, "हास गो हास, तुका अजून काय दिसूक नाय." मुलुंडला कॉलनीच्या बिल्डिंगमध्ये, खाली पिठाची गिरणी दिवसभर घरघरतेय, तिथे कसलं आलंय भूत?

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या दारासमोर, मधे चार पावलांचा पॅसेज सोडला की रेजिनाबाईंचं दार. बाई मूळच्या गोराईच्या. नवरा अँथनीभाऊ कंपनीत फिटर, देवमाणूस. मूलबाळ नाही. अँथनीभाऊ अचानक गेले, घरातच, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांना गोराईला नेलं, तिथेच पुरलं. आणि रेजिनाबाई मातीला गेल्या नाहीत! दारात उभं राहून पेटीकडे बघत राहिल्या. बिल्डिंगमध्ये काय काय बोलले लोक. कोणी म्हणे धक्का बसला, कोणी म्हणे बाई दगडाची. त्यानंतर त्या खाली उतरलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. भाजीवाला वर यायचा, दूधवाला वर यायचा. चर्चात मिस्सेलासुद्धा जाईनात. विचारलं तर, "गुडघे गं बाय, गुडघे."

पण घर मात्र माणसांनी भरलेलं लागायचं त्यांना. रंगीत टीव्ही अख्ख्या मजल्यावर त्यांच्याकडेच. रविवारी सकाळी एक सिरियल लागायची. नाव काहीतरी लांबलचक हिंदी होतं, आम्ही सगळे तिला 'बंगला'च म्हणायचो. आम्ही बाया आवरून, पोरं काखोटीला मारून रेजिनाबाईंकडे. त्या गरम गरम फुगे तळायच्या – मैद्याचे, अंड्याचे, टम्म. पोरं टीव्ही सोडून त्याच्यासाठीच यायची.

बंगल्यात नवी सून आलेली असते. ती यायच्या दिवशीच घरातला जुना नोकर पळून जातो. का, ते काही सांगत नाहीत. मग सुनेचा बाप मरतो, सगळे जातात, सून घरीच – डोकं दुखतंय म्हणे. मग एक मामा राहायला येतो. एकदा सून जिना उतरून अंगणात जाते आणि मामा खिडकीत उभा राहून ओक्साबोक्शी रडतो. आम्ही आठवडाभर नळावर त्यावरच चर्चा करायचो. आमचे हे म्हणायचे, "अगं, त्या नोकराला पिक्चर मिळाला असेल, म्हणून पळवला. कसलं आलंय रहस्य!"

एका रविवारी सगळ्या गेल्या, मी बशा विसळायला थांबले होते. रेजिनाबाई म्हणाल्या, "सुनंदा, त्या बंगल्यातून शेवटचं माणूस बाहेर जाताना तू कधी बघितलंस?"

"म्हणजे?"

"सुनेच्या वाढदिवसाला गावभर माणसं आली, गेली. पण घर रिकामं झालेलं दाखवलं कधी? एक जण मागे राहतोच. त्या घराला एक माणूस लागतं, बाय. बाकीच्यांना जाऊ देतं, शेवटच्याला सोडत नाही. तो नोकर पळाला नाय. सुटला. वाट बघत होता कोणीतरी येऊन बसायची. सून बापाच्या मातीला गेली नाय ती डोक्यामुळे नाय... सगळे पुढे गेले, ती मागे राहिली. मग मामा आला, तेव्हा ती सुटली. मामा का रडला, आता तूच सांग."

मी बशी हातात धरून उभीच! काय डोकं बाईचं! सगळं कसं कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. मी म्हटलं, "रेजिनाबाई, तुम्ही टीव्हीवाल्यांना पत्र लिहा, बक्षीस देतील." त्या हसल्या नाहीत.

नंतर प्रत्येक रविवारी त्या हेच बोलायच्या. मी बाकीच्या बायांना सांगत सुटले. सगळ्यांना पटलं. खालची एक तर म्हणाली, "झकास! आता शेवट कळला, बघायला कशाला यायचं?"

शेवटचा भाग होता त्या रविवारी तळमजल्यावरच्या पोरीचं लग्न निघालं. अख्खी बिल्डिंग लग्नाच्या हॉलवर. आमचे हे पहिल्या पाळीला. मंजूला, माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, जरा कणकण होती म्हणून मी थांबले. ती खेळत होती, सासूबाई देवापुढे पोथी घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐकायला कमी यायचं. मी म्हटलं, जरा समोर जाऊन शेवट बघून येते.

रेजिनाबाईंनी दार उघडलं. चांगली फुलाफुलांची साडी, पायात चपला, हातात पिशवी. "एकटीच आलीस?" म्हणाल्या. "बस तू, मी आले हां दूध घेऊन." आणि माझ्या बाजूने बाहेर पडल्या. मला इतका आनंद झाला, खोटं नाही सांगत! म्हटलं, चला, बाईचे गुडघे बरे झाले एकदाचे.

सिरियल सुरू झाली. बाईंचा पत्ता नाही. म्हटलं मंजूचा ताप बघून येऊ. दार उघडलं, उंबरा ओलांडला... आणि मी रेजिनाबाईंच्याच स्वैपाकघराच्या दारातून परत त्यांच्या हॉलमध्ये आले.

तुम्ही हसाल. मीही हसले. म्हटलं चक्कर आली बहुतेक. परत गेले. समोर आमचं दार दिसतंय, आमचं पायपुसणं दिसतंय, पाऊल टाकलं – पायाखाली रेजिनाबाईंच्या स्वैपाकघराची फरशी. मग पळत गेले. मग डोळे मिटून गेले. मग खाली बसून सरकत सरकत गेले. हात बाहेर काढला की जायचा, पॅसेजमधला वारा हाताला लागायचा. अंग न्यायला गेलं की घर मला फिरवून परत आत. सासूबाईंना हाका मारल्या, त्या कुठल्या ऐकतायत! मागे टीव्हीवर बंगल्याचं दार दाखवत होते, आणि मला ती सगळी थिअरी अशी एकदम आठवली... ती सिरियलची गोष्ट नव्हतीच.

तेवढ्यात समोरून टाळ्या. मंजू आमच्या दारात उभी राहून बघत होती. "आई, परत कर ना! तू इथून जातेस नि तिथून येतेस, परत कर!" तिला वाटलं, मी तिच्याशी खेळतेय.

आणि निघाली ना ती माझ्याकडे धावत. "मी पण, मी पण!"

माझ्या मनात काय आलं सांगू? ही आत आली तर मी सुटेन. असं वाटलं नाही हो, नुसतं कळलं, दोन नि दोन चार कळावं तसं. आणि पाय आपोआप बाहेर पडला तर? आई बाहेर नि पोर आत? मी किंचाळले, "मागे हो! आत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!" तिला तसं मी जन्मात कधी बोलले नव्हते. ती जागच्या जागी थिजली. मी तिच्या तोंडावर दार आपटलं आणि कडी लावली.

मग ती रडायला लागली. दारावर तिचे ते बारके बारके हात. "आई, मी काय केलं? आई, उघड ना!" दाराच्या अलीकडे मी, पाठ लावून, पदर तोंडात कोंबून. इतकी जवळ की तिचे हुंदके मला पाठीत लागत होते. आणि मी उघडू शकत नव्हते. किती वेळ, मला विचारू नका.

मग रडणं थांबलं. बाहेरून आवाज आला, "मंजे, गप हो बाय. चल, बाजूला सर." आणि मग, "सुनंदा, उघड. मी हाय."

रेजिनाबाई. आत आल्या, चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली. त्या पिशवीत मेणबत्त्या होत्या, आणि शेवंतीची फुलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा. पोरीकडे जा." मी गेले. एका पावलात पॅसेज! मंजूला उराशी धरून तिथेच फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं.

दोन दिवस त्यांच्या दाराकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले, बाहेरूनच कडाडले. "मला आधी सांगायचं नाही होय?"

"दर रविवारी सांगतच होते की," त्या म्हणाल्या. "तू टीव्हीकडे बघत होतीस."

मग त्यांनीच सांगितलं. भाऊ होते तोवर कळलंच नाही, घरात दोघांतलं कोणीतरी असायचंच. भाऊंना न्यायच्या दिवशी पेटीमागून माणसं भराभरा उतरली, त्या पदर सावरत मागे राहिल्या. आणि राहिल्या त्या राहिल्याच. त्या रविवारी त्यांना फक्त गोराईला जायचं होतं, नवऱ्याच्या मातीवर एक मेणबत्ती लावायला.

"मग गेला का नाहीत?"

"जिना उतरले गं. खालच्या पायरीवर किती वेळ उभी होते, रिक्षा समोर होती. तुझं पोर रडायला लागलं."

मी घरी आले, पण जेवण जाईना. पुढच्या रविवारी मंजूला ह्यांच्याजवळ ठेवलं आणि स्वतःच्या पायांनी रेजिनाबाईंच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हटलं, "जाऊन या. मी आहे." बाई आधी ऐकेचनात. मग गेल्या. बोरिवलीला बस, तिथून तर, म्हणजे खाडी ओलांडायची बोट... जायला यायलाच दिवस जातो. दुपार कलली तशी माझी काय हालत झाली म्हणून सांगू! का येतील त्या परत? मी आले असते का? संध्याकाळी दार वाजलं. साडीचा काठ ओला, तळव्यांना वाळू. त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मी उठून त्यांना त्यांची खुर्ची दिली.

त्यानंतर आमचं ठरूनच गेलं. अधूनमधून मी बसायचे, त्या जायच्या. सगळ्यांना वाटायचं, सुनंदाला टीव्हीचं वेड लागलंय.

या सगळ्याला कारण काय, विचाराल. मलाही हवंय ते. आधीच्या मालकाला विचारलं, तो म्हणाला, कुटुंब मोठं, घर कधी रिकामं पडलंच नाही. शेजारच्या कोणत्याच घरात असं काही नाही. आणि टीव्हीवाल्यांना ते कसं सुचलं, की रेजिनाबाईंनीच त्यात आपलं बघितलं, ते देव जाणे. शेवटच्या भागात काय झालं ते मी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

पुढे रेजिनाबाई फार थकल्या. म्हणाल्या, "सुनंदा, मला तिथेच जाऊन पडायचंय गं, त्याच्या बाजूला." तोवर सासूबाई गेल्या होत्या, आमचे हे गेले होते, मंजू लग्न होऊन बोरिवलीला. मी म्हटलं, जा. अगदी निवांत जा. गोराईची माणसं त्यांना उतरवून घेऊन गेली, तेव्हा मी त्यांच्याच दारात, उंबऱ्याच्या आत उभी होते. त्या जिन्याच्या वळणावर थांबल्या, वळून बघितलं, आणि मी हाताने म्हटलं – जा, जा.

झाली त्याला बरीच वर्षं. वाईट नाही इथे. खिडकीत ऊन येतं, गिरणीची घरघर आहे, सोबत होते. मंजू दर फोनला ओरडते, "आई, चल ना माझ्याकडे, तिथे एकटी काय करतेस?" मी म्हणते, "गुडघे गं, गुडघे." तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती येऊन माझ्या जागी बसेल, पोर तशीच आहे. तिला हे पान ठाऊक नाही, आणि तुमच्यापैकी कोणी तिला सांगितलंत तर माझ्याशी गाठ आहे!

तर बाळांनो, मुलुंडला आलात की या माझ्याकडे. नुसतं 'येतो येतो' नको, खरंच या. चटई मी पॅसेजमध्ये सरकवून देईन, फुगे तिथेच हातात देईन, मला जमतात आता. आत बोलावत नाही म्हणून रागावू नका. माझं वय झालंय... तुम्ही आत बसलेले असाल आणि बोलता बोलता माझाच डोळा कायमचा लागला तर? नको रे बाबांनो. तुम्ही बाहेर बसा, मी आत बसते, आणि भरपूर बोलू. पण लवकर या हं.