ताई, तुम्ही जरा बाहेर बसा

माझ्या आईला खोलीबाहेर काढायची हिंमत करणारा एकमेव माणूस काल गेला.

आमचे डायबेटिसचे डॉक्टर. मी त्यांना सरच म्हणायचे.

चौदा वर्षांची होते. टाइप वन. इन्सुलिन आई टोचायची, शुगर आई बघायची, डॉक्टरांशीही आईच बोलायची. मी नुसती पेशंट.

पहिल्याच व्हिजिटला सर म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"अहो, मी आई आहे तिची."

"म्हणूनच. खाली चहा छान मिळतो."

आई गेली. तोंड एवढंसं करून.

मला वाटलं, आता झापणार. चोरून काय खाल्लंस वगैरे.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "मला सांग, हे सगळं तुझ्या हातात दिलं तर तू कसं करशील?"

खरंच विचारत होते. उत्तर माहीत नसलेल्या माणसासारखे.

हा प्रश्न त्यांना सुचला कसा, याचं मला अजून नवल वाटतं. घरात कुणालाच सुचला नव्हता. मलाही नाही.

"इंजेक्शन मी घेईन. शाळेतून आले की आईने आधी शुगर विचारायची नाही, दिवस कसा गेला ते विचारायचं."

"आणि?"

"शाळेच्या भंडारदऱ्याच्या कॅम्पला मी एकटी जाणार."

घोडं तिथेच अडलं होतं. आईचं म्हणणं, मी सोबत येते, नाहीतर तूही नाही.

"तिथे शुगर लो झाली तर?"

"सायलीला शिकवा ना." माझी बेंचवरची मैत्रीण.

पुढच्या व्हिजिटला सायली हजर. तिने सरांनाच विचारलं, "ही लो झालीय हे मला कळणार कसं?"

"तिलाच विचार की."

मी म्हटलं, "मी उगाच भांडायला लागले की समज."

"म्हणजे रोजच?"

सर इतके हसले की बाहेरून आई डोकावली.

मग त्यांनी तिला आत बसवलं आणि माझं सगळं ठरलेलं मलाच तिच्यासमोर बोलायला लावलं.

सिडकोत घरापाशी रिक्षा थांबली. उतरताना आई म्हणाली, "ग्लुकोजचे दोन पुडे ने. एक त्या सायलीकडे दे."

कॅम्पला गेले. धरणावर फोटोवरून सायलीशी कडाक्याने भांडले. तिने शांतपणे ग्लुकोजचं पाणी पुढे केलं. "आधी हे पी, मग भांड."

काल सरांच्या घरी आई सोबत आली होती. दारातच थांबली.

"तू जा आत," म्हणाली. "मी बाहेर बसते."

सर, शुगर बरी आहे. मी बरी नाहीये.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.